डोळ्याविना मोर

तुमसरच्या राइस मिलमध्ये भय्याजी पोत्यांवर मोर रंगवायचे. मोराचा डोळा मात्र पोतं भरून शिवल्यावरच काढायचे. रिकाम्या पोत्याला कोणी डोळा दिला, की शिव्या ठरलेल्या; त्यांच्या हाताखाली काम करताना मीही खाल्ल्यात.

मिल अचानक बंद पडली, तेव्हा हातातलं रिकामं पोतं ते घरी घेऊन आले. परवा नात रीतानं त्याच्यावरच्या मोराचा फोटो काढला आणि अख्खं चित्रच बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे त्या नाण्याच्या ऑनलाइन नोंदवहीत, कोरलं. शौकीन लोक असली चित्रं जमवतात म्हणे.

"आबाजी, आता हा मोर कोणालेच बदलता येत नाही. मलेबी नाही."

भय्याजींनी चष्मा लावला. "अवं, डोळा कुठं हाय याले?"

रीताचा चेहरा उतरला. भय्याजींनी चष्मा काढून ठेवला.

"राहू दे, पोरी. थे पोतं भराचंच राहून गेलं."