शिवरात्रीची थंडाई आणि एकच रेघ

डेपोच्या फळ्यावर कागद लागला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो. गॅसच्या टँकरवरच्या प्रत्येक ड्रायव्हरची लघवी तपासणार, गांजाचा अंश सापडला की कायमचं गाडीवरून खाली. "चिलीमवाल्यांची वाट लागली!" मी ओरडलो. गांजा म्हणजे चिलीम, एवढंच आमच्या डोक्यात. भांग तर शिवरात्रीचा प्रसाद. प्रसादाला नशा कोण म्हणतं? सोलापुरात आमच्या घरी तरी कुणी म्हणत नव्हतं.

मी आणि मामा एकाच टँकरवर. मामा नात्यातले नव्हेत, माझे जोडीदार ड्रायव्हर. वयानं मोठे, म्हणून मामा. घाटात भरलेला टँकर कसा उतरवायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस. आणि मी तोंडाळ, तापट, कुणाची तरी चेष्टा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मामांचा तो सोवळेपणा मला कायम खुपायचा, खोटं कशाला बोलू.

शिवरात्रीला आमच्याकडे थंडाईची दोन पातेली असतात. एक साधं, दुसरं भांगेचं. भांग वाटायचं काम माझं. आणि जो वाटतो त्यानं सगळ्यांत शेवटी प्यायची, ही आजोबांपासूनची रीत.

त्या दुपारी मामा देवदर्शन करून आमच्या घरी आले. "त्यांना साधी दे हां," आईनं बजावलं. मी हो म्हणालो आणि दुसऱ्याच पातेल्यातून पेला भरला. म्हटलं, एकदा तरी खुलू दे की हा माणूस! आणि लई खुलले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, मग पडवीतल्या खाटेवर जे झोपले ते दिवस मावळायला उठले. "उपास बाधला वाटतं रं," म्हणाले. मी पोट धरून हसलो. माझी पाळी आली तेव्हा पातेल्यात थेंब उरला नव्हता, म्हणून चरफडलोही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच टेबल मांडलेलं. प्लॅस्टिकचे कप, हातमोजे घातलेला तपासनीस, शेजारी आमचे साहेब. कपात पट्टी बुडवायची. दोन रेघा उमटल्या की माणूस सुटला, एकच उमटली की अडकला. माझ्या पट्टीवर दोन आल्या. मामांच्या पट्टीवर एक. नवी पट्टी लावली. पुन्हा एकच.

मी टेबलापाशी सरकलो.

"साहेब, पट्टी बाद आसंल तुमची," मामा म्हणाले. "मी चा बी मोजून पितो की!"

"सगळे हेच म्हणतात, मामा. नमुना लॅबला पाठवतो. तिथंही हेच आलं तर नाव कमी करावं लागेल."

"साहेब, भांगेनं बी येतं का हो ह्यात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"एकाच जातीचं झाड ते. पट्टीला प्रसाद कळत नाही." साहेबांनी मान वर केली. "का? कुणी पाजली का यांना? पाजणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. कागद वाचलास ना?"

कागद मी कशाला वाचतोय! हसून मोकळा झालो होतो. मामा माझ्याकडे बघायला लागले. ते कॅलेंडर, ते हसणं, ती दुपारची झोप, एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येताना मला त्यांच्या तोंडावर दिसत होती. सांगून टाक, सांगून टाक, असं मनात चाललेलं. कसंबसं "साहेब, ते..." एवढं बाहेर पडलं.

"मीच घेतली, साहेब," मामा म्हणाले. "शिवरात्रीला. सोताहून मागून घेतली."

"आत्ता तर नाही म्हणत होता!"

"लाज वाटली सांगायला."

खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना. साहेबांनी लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली. आता लॅबचीही गरज उरली नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांचा दंड धरला. "मामा, मी जातो आत. खरं सांगतो."

"चेष्टा केलीस, व्हय ना?"

"व्हय."

"मग गप ऱ्हा. तुझ्या दोनी पोरी शाळंत हायत. माझी नोकरीची दोन वर्सं ऱ्हायली हुती, सरली म्हनायचं." मग त्यांनी हात सोडवून घेतला. "पर माझ्या घरी येऊ नगंस आता. गंजेडी म्हनून घरी निघालोय मी. मामीला काय सांगू, तूच सांग की!"

लाजेनं मला मेल्यासारखं झालं होतं. साहेबांच्या खोलीचं दार दहा पावलांवर उघडंच होतं. आतून मला हाक आली, टँकर आजच निघायचा होता, नवा जोडीदारही येऊन थांबला होता. मामांनी खिशातली चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि गेटकडे चालू लागले.

मी आत गेलो आणि गाडी ताब्यात घेतल्याची सही केली.