आईच्या हातचं अ‍ॅव्हरेज

आमच्याकडे गाडी आली तेव्हा मी शाळेत होते. बाबांच्या कारखान्यातले एक साहेब बदलीवर निघाले होते, त्यांनी जाताना आपली जुनी गाडी बाबांना स्वस्तात दिली. राखाडी रंग, गोल दिवे आणि गियरचा दांडा स्टिअरिंगलाच. बाबांनी ती कोलशेतहून डोंबिवलीपर्यंत स्वतः चालवत आणली आणि इमारतीच्या फाटकाशी उभी करून दोनदा हॉर्न दिला. आई हातातलं तांदळाचं ताट बाजूला ठेवून खाली आली, गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाली, "पेट्रोल किती खाते ही?"

बाबांचा चेहरा जरा उतरला. गाडी छान आहे, असं तिने आधी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असणार. पण प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला. त्या काळी डोंबिवलीत चारचाकीवाले मोजकेच होते आणि ते एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न हाच असायचा, "काय अ‍ॅव्हरेज देते?" लिटरमागे अकरा देते, बारा देते, असं लोक मुलांच्या मार्कांसारखं सांगायचे. आमची गाडी नवाच्या पुढे जायला तयार नव्हती.

बाबा रोज कारखान्याच्या बसने कोलशेतला जायचे, गाडी निघायची ती रविवारी. शनिवारपासून तयारी सुरू. पेट्रोल भरायचं ते भल्या सकाळी, कारण थंड पेट्रोल दाट असतं, उन्हं चढल्यावर भरलं की आपण नुसती वाफ विकत घेतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग डिकी रिकामी करायची. सतरंजी, माझी बॅडमिंटनची रॅकेट, आईची पाण्याची कळशी, सगळं घरात. गाडी जितकी हलकी तितकी कमी पिते. मे महिन्यातसुद्धा काचा वर, कारण वारा आत शिरला की गाडीला अडवतो. मागच्या सीटवर मी घामाने भिजून बसायचे, आई पदराने वारा घ्यायची आणि बाबा पुढे बघत म्हणायचे, "थोडं सहन करा, फायदा आपलाच आहे."

एवढं करून ते गाडी मात्र हाणायचे. दुसऱ्या गियरमध्ये इंजिन किंचाळेपर्यंत पळवायची, समोर कुणी आलं की करकचून ब्रेक, मग पुन्हा तेच. उतार लागला की चावी फिरवून इंजिन बंद. पत्री पुलाचा उतार, शहाडच्या पुलाचा उतार, सगळीकडे आमची गाडी आवाज न करता घरंगळत जायची आणि बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी फुकट मिळाल्याचा आनंद असायचा.

शहाडच्या पुलाखाली एकदा ती पुन्हा सुरूच झाली नाही. आम्ही मोहन्याला मावशीकडे केळवणाला निघालो होतो. बाबांनी चावी फिरवली, नुसता खर्र आवाज. बॅटरी उतरली होती. आई भरजरी साडीत, मी नव्या फ्रॉकमध्ये, दोघी मागून गाडी ढकलत होतो. एक टांगेवाला टांगा बाजूला लावून मदतीला आला. गाडी सुरू झाली, टांगेवाला हसला आणि आई हाताची धूळ झटकत पुन्हा मागे येऊन बसली. बाबा म्हणाले, "बॅटरी जुनी आहे."

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मोहन्याला कारखान्याच्या वसाहतीत तिचं घर होतं. काका पाळीने कामावर, एकुलता मुलगा नोकरीसाठी परराज्यात. मी कॉलेजात गेले त्या वर्षी मावशी नळाजवळ पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढे कित्येक महिने तिला उठवत नव्हतं. आई सकाळच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सुटली की घरी येऊन डबा करायची आणि मोहन्याला निघायची. कल्याणला गाडी बदलायची, कसाऱ्याच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभं राहायचं, आंबिवलीला उतरून पुढे रिक्षा मिळाली तर मिळाली. संध्याकाळी परत आली की कधी कधी न जेवताच झोपायची.

एका रात्री जेवताना ती बाबांना म्हणाली, "गाडी आठवडाभर खाली उभीच असते. मला शिकायचीय."

बाबांचा घास हातात राहिला. "अगं, शिकणाऱ्याच्या हातात गाडी दुप्पट पेट्रोल खाते."

"मग शिकून झालं की खाणार नाही."

ते नको म्हणाले नाहीत, पण शिकवायलाही तयार झाले नाहीत. आईने स्टेशनजवळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. चाळिशी ओलांडलेली बाई पुढे लाल अक्षरात एल लावलेली गाडी घेऊन मानपाडा रोडवरून जाते, हे बघायला आमच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत यायच्या. लायसन्स मिळालं त्या दिवशी आईने कुणाला पेढे वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला, चपला काढून सीटखाली सारल्या, पदर कमरेला खोचला आणि आम्ही मोहन्याला निघालो.

माझी लेक्चर्स सकाळी असायची, म्हणून बहुतेक वेळा मीच तिच्याबरोबर असायचे. आई गाडी भाकरी थापल्यासारखी चालवायची, न घाबरता पण हात हलका ठेवून. पहिला गियर, गाडी हलली की दुसरा, थोडा वेग आला की तिसरा, इंजिनाला ओरडू म्हणून द्यायची नाही. दूरवर गाड्या थांबलेल्या दिसल्या की ती आधीच पाय उचलायची. आम्ही तिथे पोचेपर्यंत वाट मोकळी झालेली असायची आणि ब्रेक लावायची वेळच यायची नाही. पुलाच्या उतारावर तिने कधी इंजिन बंद केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ढकलायला आता मी उतरणार नाही." महिन्यातून दोनदा ती चाकांत हवा बघून घ्यायची. काचा उघड्या असायच्या. मागच्या सीटवर मावशीसाठी उशा, भाजी, पाण्याची कळशी, सगळा संसार.

दोनेक महिने गेले असतील. एका रविवारी बाबा पेट्रोल भरून आले आणि कपडे न बदलता तसेच खुर्चीत बसून राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तू मोहन्याला जातेस ना?"

आई कणीक मळत होती. "मग कुठे जाते?"

"नाही, पेट्रोल कमी लागलं."

"मग चांगलंच झालं की."

बाबांना ते चांगलं वाटलं नाही. पेट्रोलचा काटा अडकलाय म्हणून त्यांनी इलेक्ट्रिशियनला दाखवलं, तो ठीक निघाला. किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रावर संशय आला, तेही तपासून झालं. मग आई स्वतःच्या पगारातून अधूनमधून पेट्रोल भरते की काय, असं त्यांनी मला एकटीला गाठून विचारलं. मी नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी टाकी काठोकाठ भरली, आठवडाभर स्वतः गाडीला हात लावला नाही आणि पुन्हा काठोकाठ भरून भागाकार केला. एरवी अ‍ॅव्हरेजचा आकडा ते जेवताना सर्वांना ऐकवायचे. त्या दिवशी नाही ऐकवला. मीच विचारलं तेव्हा आमटीत बघत म्हणाले, "बारा."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ते रजा टाकून आमच्याबरोबर निघाले. मावशीला बघायला जायचं होतंच, असं म्हणाले. मी डबा घेऊन मागे सरकले, पण ते पुढे बसले नाहीत, माझ्या शेजारी मागेच बसले. मानपाडा रोड संपेपर्यंत गप्प होते. मग सुरू झाले. आता ओव्हरटेक कर. इतक्यात चौथा कशाला टाकलास. हॉर्न दे. तो बैलासारखा पुढे घुसला, तू का थांबलीस? पत्री पुलाच्या अलीकडे ते म्हणाले, "उतारावर बंद कर, बघ किती वाचतं."

आईने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आरशात बघत म्हणाली, "अहो, तुम्ही चालवता का?"

"नाही, तू चालव."

"मग मला चालवू द्या."

बाबांना कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं ते उतरून जातील. पण ते उतरले नाहीत. सीटला टेकून बसले आणि हात मांडीवर ठेवले. मी चोरून त्यांच्याकडे बघत होते. सुरुवातीला ते रागावलेले होते. शहाड येईपर्यंत ते आईच्या पायांकडे बघत होते.

मावशीकडे त्यांनी दुपारभर काम केलं. तिला धरून उठता यावं म्हणून काकांबरोबर पलंगाशेजारच्या भिंतीत आडवा लोखंडी पाइप बसवला. मावशी पहिल्यांदा तो धरून स्वतः उठून बसली आणि रडली. बाबा हातोडी घेऊन बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

परत निघताना ते पुढे बसले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "येताना त्या ट्रकच्या मागे तू पाय आधीच काढून घेतलास. का?"

"त्याचे मागचे लाल दिवे लागले. पुढे थांबायचंच आहे तर पळायचं कशाला?"

"आणि चोक? मघाशी तू चोक आत ढकललास."

थंड इंजिन चालू करताना डॅशबोर्डवरचं एक बटण बाहेर ओढावं लागायचं, म्हणजे पेट्रोल जास्त जायचं आणि इंजिन पकड घ्यायचं. आई म्हणाली, "इंजिन गरम झालं की आत करायचा ना. शिकवताना सांगितलं होतं. तुम्ही काय करता?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. ते तो चोक बाहेरच ठेवत आले होते, गाडी बंद पडू नये म्हणून. सकाळचं थंड पेट्रोल, रिकामी डिकी, बंद काचा, आणि तो चोक सगळा रस्ताभर बाहेर. आईला ते कळलं असणार. पण तिनेच विषय बदलला, मावशीला आता ताक चालेल का, असं काहीतरी विचारलं.

त्यानंतर काही महिन्यांतच आखातात युद्ध पेटलं आणि पेट्रोल महागलं. त्याच सुमारास बाबांच्या कारखान्याने डोंबिवलीची बस बंद केली. बाबा आणि त्यांचे दोन सहकारी यांनी ठरवलं की आमची गाडी न्यायची आणि पेट्रोल तिघांत वाटून घ्यायचं. पण बाबांच्या हातच्या नवाच्या अ‍ॅव्हरेजने ते कुणालाच परवडलं नसतं. गाडी विकून टाकावी, असंही घरात बोलणं झालं.

एका सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "रविवारी माझ्याबरोबर जरा काशेळीपर्यंत चल."

"कशाला?" आईने विचारलं.

"मी चालवतो. तू सांग."

आईने कप खाली ठेवला. मला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही. "सकाळी लवकर निघू," एवढंच म्हणाली.

ते रविवार मला फार आवडायचे. कल्याणचा दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोनच्या पुढे रस्ता मोकळा असायचा. आई शेजारी बसून हाताच्या खुणेने सांगायची. तळवा खाली केला की पाय काढायचा. "अहो, इंजिन ओरडतंय, ऐकू येत नाही का?" बाबा पटकन गियर बदलायचे आणि पहिल्यापहिल्यांदा चुकायचे. एकदा त्यांनी सवयीने करकचून ब्रेक लावला, आमची तिघांची डोकी पुढे गेली, आणि आईच्या आधी तेच म्हणाले, "चुकलं, चुकलं." मग दोघंही हसत सुटले. मी त्या दोघांना असं एकत्र हसताना क्वचितच पाहिलं होतं. घरात ते वेळ, खर्च आणि माझा अभ्यास एवढंच बोलायचे.

बाबांचं अ‍ॅव्हरेज हळूहळू सुधारलं. आईइतकं कधी झालं नाही, पण तिघांना पेट्रोलचा खर्च परवडायला लागला आणि गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मावशी तोवर काठी घेऊन चालायला लागली होती, आईला रोज जावं लागत नव्हतं. त्या दिवाळीत आई तिला आमच्याकडे घेऊन आली, तीही मागे उशा लावून, सगळ्या काचा उघड्या टाकून.

शिकवणी संपली तरी रविवारचं जाणं थांबलं नाही. आता काही कारणच नव्हतं. मी म्हणायचे, "बाबा, उगाच पेट्रोल जाळताय." ते ऐकू न आल्यासारखं करायचे. काशेळीच्या पुलाअलीकडे खाडीच्या कडेला एक मोकळी जागा होती, तिथे गाडी लावायचे. खाली कोळ्यांच्या होड्या चिखलात कलंडलेल्या असायच्या. कुणीतरी जाळं वाळत घातलेलं असायचं. आम्ही शेंगदाणे खायचो.

एकदा असेच थांबलो होतो. आठवडाभर शाळेच्या परीक्षा होत्या, आई दमलेली होती. बोलता बोलता तिचा डोळा लागला, मान खिडकीकडे कलली. ऊन चढायला लागलं, गाडी तापायला लागली. मी म्हणाले, "बाबा, निघू या ना."

त्यांनी हाताने मला गप्प राहायला सांगितलं. चावी त्यांच्या मुठीत होती. गाडी सुरू केली असती तर आवाजाने ती जागी झाली असती. ते हळूच खाली उतरले, तिच्या बाजूला जाऊन उन्हाच्या आड उभे राहिले आणि ती जागी होईपर्यंत तिथेच खाडीकडे बघत उभे होते.