चष्मेवाला मागं राह्यला

आमच्या नणंदेचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो ज्वारीच्या रानात, आणि खरं सांगते, मला तो मुळीच आवडला नाही. मी नवी नवरी, अंगावरची हळद अजून उतरलेली नव्हती. सातवीपर्यंत शिकलेली, शाळेत प्रार्थनेला मला पुढे उभी करत, त्यामुळे गाणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं असा माझा ठाम समज. आणि ही सतरा-अठरा वर्षांची पोरगी कमरेत वाकून अशी हाळी द्यायची की पलीकडच्या रानातली माणसं माना वर करून बघत. याला गाणं म्हणतात होय, असं मी मनात म्हटलं.

आमच्याकडे नगर जिल्ह्यात, काष्टीच्या बाजूला, रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांत ताटं धरायची, हिसका द्यायचा, बाजूला टाकायची आणि एक पाऊल पुढे. ज्याने त्याने आपली पात धरायची, म्हणजे रानाचा आपल्या वाट्याचा पट्टा, आणि तो संपवत बांधाला पोचायचं. हिसक्याला जोर यावा म्हणून भलरी म्हणतात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ओळ टाकणं हे तसं गडीमाणसांचं काम, पण आमच्या वन्संनी तोंड उघडलं की गड्यांचं काही चालायचं नाही. ते बिचारे मुकाट्याने मागून झील धरायचे.

भलरीत एक रीत असते. पातीत जो मागे राहील त्याला पुढच्याने गाण्यात ओढायचं. नाव घ्यायचं नाही, नुसती खूण सांगायची. कुणाचा मळका पटका, कुणाची तुटकी वहाण. सगळं रान हसतं आणि मागे पडलेल्याचे हात आपोआप चालायला लागतात. मी पहिल्याच दिवशी सापडले. ‘पोपटी लुगडं मागं ऱ्हायलं’ म्हणून तिने जे सुरू केलं, ते बांध येईपर्यंत थांबवलं नाही. मी रागाने रडले. रडत रडत असे हिसके दिले की दिवस मावळायच्या आत तिच्या बरोबरीला आले, आणि मग माझ्याही नकळत मी तिची झील धरत होते. तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

सासूबाईंचे एक चुलतभाऊ, आमचे मामा, मुंबईला गिरणीत होते. पाळी नसली की गाण्याच्या कंपनीत पेटी वाजवायला जात. त्या सुगीत ते गावाकडे आले होते. उशिरा पेरलेल्या पट्ट्यातला हुरडा खायला म्हणून रानात आले आणि बांधावरच उभे राहिले. पात संपेपर्यंत हातातलं कणीस त्यांनी तोंडात घातलं नाही. मग सासूबाईंना म्हणाले, “आक्का, ही पोर मला दे. तिची रेकॉर्ड काढतो.”

“दे म्हंजी? शेरडू हाय व्हय ती?” सासूबाई म्हणाल्या.

त्यांचंही चुकत नव्हतं. पोरीची सोयरीक जिल्ह्यातल्याच कर्जतकडच्या एका घरी जुळली होती. सुपारी फुटली होती, तारीख धरायची तेवढी राहिली होती. मुलगा शाळामास्तर. तो बघायला आला तेव्हा वन्संनी दाराच्या फटीतून त्याला नीट न्याहाळून घेतलं आणि मला कोपराने ढोसत म्हणाली, “वैनी, ह्योच.” एवढं एकच वाक्य, पण त्या दिवसापासून कर्जतची एसटी रस्त्याने गेली तरी ती हातातलं काम टाकून बघायची. अशा पोरीचं नाव तबकडीवर छापायचं, तर व्याही काय म्हणतील? आठवडाभर घरात याच्यावरच बोलणं चाललं होतं. शेवटी सासूबाईंनी परवानगी दिली ती दोन अटींवर. बरोबर मी जायचं, आणि पोरीच्या डोक्यावरचा पदर पडता कामा नये.

मुंबईत कंपनीची ती खोली थंडगार होती आणि भिंतींना कसलंसं जाड कापड मारलं होतं. एका बाजूला काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंगचे साहेब. अलीकडे आमचे मामा पेटी घेऊन, एक तबलजी आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारे एक म्हातारे. मधोमध लोखंडी दांड्यावर माइक. वन्सं त्याच्यापुढे पदर सावरून ताठ उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आजारी शेळीसारखा आवाज निघाला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. मामांना घाम फुटला. साहेबांनी काचेमागून मान हलवली. ती मला हळूच म्हणाली, “वैनी, हितं उपटायला काईच न्हाई. आवाज कुठनं काढू?”

माझं डोकंच फिरलं. इतक्या लांब आणायचं आणि पोरीला खांबासारखं उभं करायचं! मी सरळ काचेवर टकटक केली. “साहेब, तिला वाकू द्या. तो दांडा खाली घ्या.” साहेबांना काही उमजेना, पण मामांनी समजावलं आणि माइक गुडघ्याला आला. वन्संनी पदर कमरेला खोचला, वाकली, नुसत्या हवेला दोन हातांनी धरून एक हिसका दिला, आणि तो आवाज आला. रानातला, आमचा, अख्खा. काचेमागचे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

पण एक घोटाळा होताच. प्रत्येक ओळीला ती एक पाऊल पुढे टाकायची. टाकणारच, पात पुढेच जाते. कडवं संपेपर्यंत माइक मागे राहायचा आणि ही तबलजीच्या मांडीला जाऊन धडकायची. हसू नको म्हटलं तरी हसू येत होतं. साहेबांनी जमिनीवर खडूने रेघ मारून बघितली, पण वाकलेल्या माणसाला रेघ कुठली दिसते? शेवटी मीच पुढे झाले. तिच्यामागे वाकले आणि बैलाचा कासरा धरावा तसा तिचा काष्टा घट्ट धरला. ती पुढे ओढायची, मी मागे खेचायची, आणि अशा ओढाताणीत तिचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं.

गाणं शेवटाला आलं आणि फिडलवाले मागे पडायला लागले. नाकावर घसरलेला चष्मा, समोरच्या कागदात डोळे, आणि वन्संच्या चालीपुढे म्हाताऱ्याच्या हाताची तारांबळ. तिने वाकूनच तिरपी नजर टाकली. ती त्या क्षणी मुंबईत नव्हतीच, तिला बांध दिसत होता. सवयीने तिच्या तोंडून गेलं:

पात लागली बांधाला, गडी निघालं घराला,
चष्मेवाला मागं राह्यला, त्याला बोलवा गं कुणी!

आणि मागून मी, काष्टा हातात धरून, तितक्याच जोरात झील दिली, “बोलवा गं कुणी!”

वन्संनी जीभ चावली. साहेब दार उघडून आत आले. “हे काय होतं?” मामांनी हात जोडले, रानातली पोर आहे, चुकून गेलं, पुन्हा घेऊ. फिडलवाल्यांना मराठी बेताचंच येत असावं, ते काय म्हणाली म्हणून विचारायला लागले. मामांनी भीत भीत अर्थ सांगितला. म्हातारा इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. साहेबांना म्हणाला, “रहने दो साब. सच बोली.”

म्हणून ते तसंच राहिलं.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. खरीप गेला, पुढे रब्बीची पेरणी करायला रानात ओल नव्हती. अशात मामांनी पाठवलेली तबकडी आली. छोटी, काळी, दोन बाजूंना दोन दोन गाणी, मधल्या गोल कागदावर आमच्या पोरीचं नाव. सगळं घर तिच्याभोवती गोळा झालं. पण वाजवायची कशावर? गावात फोनो कुणाकडेच नव्हता. मग शनिवारी ती फडक्यात गुंडाळून काष्टीच्या बाजाराला नेली. एसटी थांब्याजवळच्या चहाच्या हॉटेलात मशीन होतं आणि कर्णा छपरावर. आमचे मालक तबकडी घेऊन आत गेले. सासूबाई, वन्सं आणि मी बाहेर बैलांच्या बाजारापाशी उभ्या राहिलो.

आधी नुसती खरखर. आणि मग त्या कर्ण्यातून आमचं रान बाहेर पडलं! काय सांगू, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. उपरण्याखाली बोटं दाबून बैलांचा भाव ठरवणाऱ्या माणसांनी हात तसेच धरून माना वर केल्या. चष्मेवाल्याची ओळ आली तेव्हा बाजार खदखदून हसला. हॉटेलवाल्याने पुन्हा लावली. या खेपेला ती ओळ आली आणि कुणी शिकवल्याशिवाय सगळ्या बाजाराने झील दिली, “बोलवा गं कुणी!” मी उड्याच मारायची बाकी होते. शेजारच्या कासारणीला म्हटलं, “तो मागचा आवाज माझा.” ती म्हणाली, “व्हय व्हय, आन् तबला माजा.” सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि धूळ लई उडते म्हणून बाजाराला शिव्या देत होत्या.

पुढे जे झालं ते आम्हाला झेपण्यापलीकडचं होतं. नगरच्या दुकानात तबकड्यांचं खोकं आलं की हातोहात संपायचं. कंपनीने पुन्हा काढल्या, पुन्हा संपल्या. लग्नाच्या मांडवात तीच, हॉटेलात तीच, भिंगारच्या बाजारातही तीच असं पाहुणे येऊन सांगायचे. दुष्काळी कामावर आम्ही बायका खडी फोडायला जायचो, तिथे हातोड्याच्या ठोक्यावर शेकडो बाया ती ओळ म्हणायच्या. त्या वर्षी कुणाच्याच रानात सुगी नव्हती, म्हणूनच सुगीचं गाणं एवढं खपलं असं मला वाटतं. कंपनीच्या पैशातून आमच्या बैलांना कडबा आला आणि बैल दावणीला राहिले. वन्संना बघायला लोक खडीवर येत. ती तोंडावर पदर ओढून हातोडा चालवायची, पण आतून फुलून गेली होती. मीही फुलले होते, उगीच खोटं कशाला बोलू?

आणि इथेच माशी शिंकली. आमच्या होणाऱ्या जावयांना चष्मा होता.

आमच्या कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. कर्जतकरांच्या मात्र बरोबर आलं. मास्तर फळ्याकडे वळले की पोरं मागून ‘मागं राह्यला’ म्हणतात, पारावर माणसं त्यांच्या वडलांना ‘चष्मेवाल्याचा बाप’ म्हणतात, असं कानावर आलं. पाठोपाठ मध्यस्थाकडून निरोप आला, आम्ही बोलायला येतोय. निरोप ऐकून वन्संची भाकरी तव्यावरच करपली.

ते आले. वडील, मध्यस्थ आणि स्वतः मास्तर. ओसरीवर घोंगडी टाकली. वडलांनी पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. “आमच्या पोराची सगळ्या मुलखात शोभा केली तुमच्या पोरीनं,” ते म्हणाले. “लगीन व्हायच्या आधीच ही तऱ्हा.” आमच्या मालकांनी सांगितलं, सासूबाईंनी दाराआडून सांगितलं, की तो मुंबईचा फिडलवाला होता. ते ऐकेनात. “पोरीनं सोता सांगावं.”

चुलीपाशी वन्संनी माझा हात धरला. मी म्हटलं, “खरं काय ते सांगा वन्सं, सुटाल.” ती दारात जाऊन उभी राहिली. “फिडलवालाच हुता तो. म्हातारा मानूस. ह्ये न्हाईत.”

वडलांचा चेहरा सैल झाला. “मग ऱ्हायलं. झालं गेलं इसरू. पर हितनं पुढं गानं बंद. आमच्या घरात सून गात न्हाई. कबूल असंल तर आत्ताच तारीख धरू.”

सगळे तिच्याकडे बघत होते. हो म्हणायचा अवकाश होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण बाई, पुढचं पुढे बघू. तिची मान खाली होती, पण आवाज मात्र रानातलाच निघाला.

“तोंड मिटून माजं हातच चालत न्हाईत. मला जमायचं न्हाई.”

मध्यस्थाने टोपी उचलून डोक्यावर ठेवली. सासूबाई मटकन खाली बसल्या. जिच्यासाठी ही पोर रस्त्यावरच्या एसट्या बघत होती ती सोयरीक तिने माझ्यादेखत आपल्या हाताने उपटून टाकली होती, आणि मला रडावं की तिची पाठ थोपटावी ते कळेना.

तेवढ्यात मास्तर बोलले. इतका वेळ ते खालीच बघत होते. “म्हणजे तो चष्मेवाला मी नव्हेच?”

“न्हाई,” वन्सं म्हणाली.

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. “मी शाळेत सगळ्यांना सांगून बसलोय, तो मीच म्हणून. हेडमास्तरांनासुद्धा.”

“आरं, लाज हाय का तुला?” वडील गरजले.

“दादा, जरा थांबा,” मास्तर म्हणाले, आणि सगळ्यांसमोर थेट तिलाच विचारलं, “दुसरी रेकॉर्ड कधी काढणार? तिच्यात तरी मला घ्या.”

वन्संनी मान वर केली. वडीलधाऱ्यांच्या देखत तिने त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

“त्यासाठी मागं ऱ्हावं लागंल,” ती म्हणाली.

“राहीन की.”

वडलांनी पुटपुटत का होईना, पाण्याचा तांब्या उचलला, आणि सासूबाईंनी मला तोंड गोड करायला गूळ आणायला सांगितलं. मी जागची हललेच नाही, मला ती दोघं बघायची होती.