नेव्हिलची बिअर

नेव्हिलच्या मते कारखान्याची बिअर म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. "बर्फात घालून जीभ बधिर करतात मेले, म्हणून खपते," असं तो ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या बेंडिगो गावात भेटेल त्याला ऐकवायचा. स्वतः मात्र घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्महिने बिअर मुरवत बसायचा.

रविवारी अंगणात सॉसेज भाजताना त्याने मित्रांपुढे आपल्या बाटल्या ठेवल्या. क्लाइव्हने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि न विचारता सगळ्या बाटल्या बर्फाच्या पेटीत खुपसल्या. अर्ध्या तासाने पुन्हा चाखून त्याने नेव्हिलच्या पाठीवर थाप मारली.

"जमली रे म्हाताऱ्या, अगदी दुकानातल्यासारखी लागतेय."

बाकीच्यांनीही पेले पुढे केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याच्याकडे दुसरी बाटली मागत होतं. नेव्हिल आणखी बर्फ आणायला गेला.