माहेरवाशिणीच्या तोंडात गळ

बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीच्या तोंडात तुम्ही गळ अडकवाल का? नाही ना? मग ऐका.

२००६ चा सप्टेंबर. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वाढलेल्या आणि आता अमेरिकेत, पार्सिपनीत डेकेअर चालवणाऱ्या नंदामावशी तांडेल आमच्याबरोबर तिथल्याच मेन राज्यातल्या एका नदीवर आल्या होत्या. तिथे कित्येक वर्षांनी जंगली अटलांटिक सॅमन मासा धरायची परवानगी मिळाली होती. अट एकच, धरून लगेच सोडायचा. आधीच धरणांनी वाट अडवलेली, समुद्रातून मूठभर मासे परततात, आणि आम्हाला गंमत सुचली!

आमच्यातल्या प्रसादच्या गळाला एक मादी लागली. “मावशी, फोटो काढा ना!”

“खाणार आहेस?”

“छे! सोडून देणार. स्पोर्ट आहे, यार.”

“मेल्या, जन्मल्या नदीत अंडी घालायला आलीय ती. माहेरवाशीण आहे! नदीत शिरल्यापासून उपाशी आहे. कोळ्याचा गळ पोटासाठी असतो, खेळासाठी नाही!”

मावशी बुटांसकट पाण्यात उतरल्या, तिला वर न उचलता गळ सोडवला. शेपटीचा एक फटका मारून ती प्रवाहाच्या उलट निघून गेली.

प्रसाद अजून मावशींशी बोलत नाही. नको बोलू दे!

तुमचा ग्रुप तिकडे निघाला, तर गळ घरीच ठेवा.