उस्मानभाईंची अट

उस्मानभाई मिस्त्री गेल्याचं कार्ड शेवगावच्या शाळेत माझ्या हाती पडलं, त्याला आता महिना होईल. तेव्हापासून त्यांनी मला पाडलेले प्रश्नच आठवत राहतात...

लढाईच्या दिवसांत मी कोपरगावला इंग्रजी शिकवत होतो. उसाचे चरक दुरुस्त करणारे उस्मानभाई एका सकाळी कागदाची सुरळी घेऊन दारात आले. "मास्तर, कलकत्त्याला अर्ज करायचाय. पेटंटचा." हा शब्द मी तोवर औषधाच्या बाटलीवरच वाचला होता! त्यांनी दोन वस्तू घडवल्या होत्या. एक, चरकाचं वंगण रसात उतरू न देणारी वाटी. तिच्यामुळे गूळ काळा पडत नसे. दुसरी, रुळांपुढे बसवायची चिंचोळी पन्हळ. तिच्यातून ऊस जाई, हात जात नसे. त्यांच्या विधवा बहिणीची, हमीदाची, चार बोटं चरकात गेली होती.

अर्ज पन्हळीचा असणार, असं मी धरून चाललो. "न्हाई, वाटीचा," ते म्हणाले. "पन्हळ फुकट दिली तरी कुनी बसवत न्हाई. काम हळू हुतं म्हनत्यात. वाटी मात्र समद्यांना पायजे. गुळाचा रंग हाय ना!"

पेटंट मिळालं. एका बड्या कारखानदारानं ते कायमचं विकत मागितलं. पन्हळ त्याला नको होती. उस्मानभाईंनी नकार दिला. मला तो निव्वळ वेडेपणा वाटला. मग त्यांनी माझ्याकडून करारनामा लिहून घेतला: वाटी करायची परवानगी ज्याला हवी, त्यानं प्रत्येक चरकाला पन्हळ बसवलीच पाहिजे. वर्षभर कुणी फिरकलं नाही. पण त्यांनी वाटी बसवून दिलेल्या चरकांचा पिवळाधमक गूळ बाजारात उठून दिसू लागला, तसे सोनईपर्यंतचे लोहार येऊन सह्या करून गेले. दुकान वाढलं, हाताखाली माणसं आली. शेवटी तो कारखानदारही आला. अट वाचून दाखवायला उस्मानभाईंनी मला बोलावलं. हमीदा दारात उभी राहून ऐकत होती. माझं वाचून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचलं. कारखानदारानं मान खाली घालून सही केली.

परवा कोपरगावला हमीदाला भेटायला गेलो, तेव्हा तिनं उस्मानभाईंची खोली उघडून दिली. मेजावर एक अर्धवट नकाशा होता. दोन चाकं, एक पट्टा आणि मध्ये उपड्या फुलपात्रासारखं काहीतरी... बराच वेळ पाहिलं, उलगडेना. "हे काय करत होते?" मी विचारलं.

"मलाबी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "म्हनायचे, अर्ज गेल्याबिगर बोलायचं न्हाई. आदी मास्तरला येऊ दे."

मी खुर्ची ओढली, कागद सरळ केला आणि पहिल्या चाकापासून पुन्हा पाहू लागलो...