कन्हारवरचं कोर्ट

अक्षय तृतीया, इथल्या बोलीत अक्ती. सकाळी साडेआठ. शंकर नगरच्या घरामागची मोकळी जागा. हजर: मी; प्लॅस्टिकच्या खुर्चीत यजमान; नारळ आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन सासूबाई; मिस्त्री; त्याच्यासोबत मजुरीला आलेले एक नवरा-बायको. माझ्या कामांच्या वहीत अशी नोंद आहे, म्हणून नेमकं सांगता येतं.

काम होतं बॅडमिंटन कोर्टाचं. चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. यजमान रेल्वेत नोकरीला आणि तरुणपणी खात्याकडून खेळायचे. वर्षभरापासून त्यांच्या पायांतला जोर जात चालला होता. स्नायूंचा आजार, न थांबणारा. डॉक्टर म्हणाले होते की दिवाळीपर्यंत ते आधाराशिवाय उभे राहतील, पुढचं सांगता येत नाही. तोवर खेळू द्या. पण हॉलवर जाणं यजमानांनी आपणच सोडलं होतं. "लोक पाहून राहिले की पाय अजूनच अडखळते," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. मग मी ठरवलं, कोणी बघणार नाही असं कोर्ट घरीच करायचं. दिवाळीपासून उलटं मोजत मी कामांची यादी केली आणि मुहूर्त सासूबाईंनी काढला.

नारळ फुटल्यावर मिस्त्रीने मला कोपऱ्यात नेलं. आमची जागा म्हणजे पूर्वीचं शेत. माती काळी, चिकण. इकडे तिला कन्हार म्हणतात. उन्हाने ती जागोजागी फाटली होती. एका भेगेत त्याने सळई सोडली, ती हातभर आत गेली.

"दीदी, ये कन्हार है. अभी सूखकर सिकुड़ी पड़ी है, पानी पिएगी तो फूलेगी. मुरुम भर देता हूँ, एक बरसात खाने दो. स्लैब दिवाली के बाद डालेंगे."

मिस्त्रीची स्वतःची शेती होती. अशी माती त्याने आयुष्यभर नांगरली होती. मी त्याला म्हटलं, मुदत मी बघते, तू काम बघ. चार दिवसांनी मुरुमाची गाडी रिकामी होत असताना त्याने तेच पुन्हा सांगितलं. मीही तेच उत्तर दिलं. दिवाळीनंतर का चालणार नाही हे त्याला सांगितलं असतं तर त्याने कदाचित दुसरा काही मार्ग काढला असता. घरातलं दुखणं बाहेर सांगायचं नाही, असं आमच्याकडे आहे. त्याने यजमानांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली, "हव, दीदी."

संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "मिस्त्री काय म्हणते? आत्ताच स्लॅब टाकली तर चालते का?"

"हव म्हणाला," मी सांगितलं.

मुरूम थरांनी भरला, रोलर फिरवला, स्लॅब पडली. तीन आठवडे ओली पोती अंथरून मी स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. पांढऱ्या रेषा आखल्या. यादीतल्या एकेका कामावर काट मारत गेले.

एकोणीस सकाळी आम्ही खेळलो. मला खेळता येत नव्हतं. मी शटल त्यांच्या हातापर्यंत पोचेल असं मारायची, ते जागेवरूनच कोपऱ्यात परतवायचे. "अवो, जरा जोरात मारा," म्हणायचे. "पोळी लाटून राहिल्या काय?" सासूबाई मागच्या दारात बसून गुण मोजायच्या आणि उघड उघड लेकाच्या बाजूने लबाडी करायच्या.

आषाढात आठ दिवस पाऊस धरून राहिला. उघडल्यावर शनिवारी दुपारी मी कोर्ट झाडायला गेले, तर झाडू मध्येच अडला. नेटच्या अलीकडे स्लॅब आडवी तडकली होती आणि एक बाजू बोटभर वर आली होती. मी वहीत लिहिलं: सोमवार, मिस्त्रीला बोलावणे. यजमानांना सांगितलं नाही. रविवारी पुन्हा पाऊस येईल आणि खेळ होणारच नाही, असा माझा हिशेब होता.

रविवारी पाऊस आला नाही. मी दूध घ्यायला गेले होते. तेवढ्यात ते रॅकेट घेऊन एकटेच सर्व्हिसचा सराव करायला गेले. पाऊल त्या कडेला लागलं आणि ते कुशीवर पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण तेवढ्या दिवसांच्या निजण्यात पायांत उरलं होतं तेही गेलं. त्यानंतर ते उभे राहिले नाहीत. दिवाळी तीन महिने दूर होती.

मिस्त्री भेटायला आला तो संत्री घेऊन. सासूबाईंनी त्याला दारातच धरलं. तुला माती कळत नव्हती तर काम काहून घेतलं, माझ्या पोराचे पाय घेतले तू, असं त्या मराठी-हिंदीत बोलत राहिल्या. मी त्यांच्या मागेच उभी होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्यांची पिशवी घेतली.

"हव अम्मा," तो म्हणाला. "गलती हो गई."

त्यानंतर तो आला नाही. यजमान कॉटवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की त्या मिस्त्रीला काम देऊ नका. आमच्या ओळीतल्या दोन घरांनी त्याला बोलावणं बंद केलं आहे. मी तेव्हा चहा करायला उठते.

वहीतलं कोर्टाच्या कामांचं पान अजून उलटलेलं नाही. तडा सिमेंटने भरला, त्यावर काट. नेटचे खांब काढून गच्चीवर ठेवले, काट. मागच्या दाराला व्हीलचेअरसाठी उतार केला, तो दुसऱ्या मिस्त्रीकडून, काट. या सगळ्यांच्या वरची ओळ मी शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिली होती: मिस्त्रीने दोनदा नको म्हटलं होतं, हे ह्यांना सांगणे.

तिच्यावर काट नाही.